अल्स्टर स्कूल्स कप: नव्यानं आलेल्या घरांसाठी, सप्टेंबर ते १७ मार्च

उत्तर आयर्लंडमध्ये बेलफास्ट, लिस्बर्न किंवा बँगरला नोकरीनिमित्त आलेल्या मराठी घरांतली मुलं इथल्या ग्रामर स्कूलमध्ये (बहुतेक ठिकाणी प्रवेशपरीक्षेवर मुलं घेणारी माध्यमिक शाळा) गेली की पहिल्याच सप्टेंबरात रग्बी दारात येऊन उभी राहते. शाळेकडून यादी येते: बूट, माउथगार्ड, शनिवारी सकाळी सामना. आईबापांना क्रिकेट कळतं, कबड्डी कळते. रग्बी मात्र टीव्हीवर ओझरती पाहिलेली असते. मग मार्च जवळ येतो आणि ऑफिसातली पन्नाशीची माणसंही शाळेचं नाव अभिमानानं घेऊन बोलू लागतात. हे सगळं चाललेलं असतं अल्स्टर स्कूल्स कपबद्दल, म्हणजे अल्स्टर प्रांतातल्या शाळांच्या रग्बी करंडकाबद्दल. तो काय आहे आणि त्यात शिरायचं कुठून, ते इथे क्रमानं सांगतो.

मुंबईच्या माणसाला एका वाक्यात सांगायचं तर हा करंडक म्हणजे इथला हॅरिस शील्ड, शालेय क्रिकेटऐवजी शालेय रग्बीचा. फरक इतकाच की हा हॅरिस शील्डपेक्षा वीस वर्षांनी जुना आहे आणि याचा अंतिम सामना सेंट पॅट्रिक्स डेच्या सार्वजनिक सुट्टीला, १७ मार्चला, प्रांताच्या मुख्य मैदानावर होतो.

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय पुढचं उलगडत नाही

स्पर्धा सुरू झाली १८७६ साली. तेव्हा आजची आयरिश रग्बी फुटबॉल युनियन अस्तित्वातच नव्हती. डब्लिनची एक संघटना होती आणि बेलफास्टची दुसरी. त्या दोघी १८७९ मध्ये एकत्र आल्या. म्हणजे देशाची संघटना धड उभी राहण्याआधी या प्रांतातल्या शाळा करंडकासाठी खेळत होत्या. आयर्लंडनं पहिला आंतरराष्ट्रीय सामना फेब्रुवारी १८७५ मध्ये लंडनला खेळला तोही एका बाजूला २० खेळाडू घेऊन. १५ चा संघ १८७७ पासून आला.

‘ट्राय’ हा शब्दही त्याच काळातला. सुरुवातीला चेंडू रेषेपलीकडे टेकवला तर गुण मिळत नसत, फक्त गोलखांबांमधून किक मारण्याचा ‘प्रयत्न’ करायची संधी मिळे. आज त्याच ट्रायला सर्वाधिक ५ गुण आहेत, पण नाव जुनंच राहिलं.

आयर्लंडमध्ये रग्बीचे चार प्रांत: अल्स्टर, लेन्स्टर, मन्स्टर, कॉनॉट. प्रत्येकाचा आपापला शालेय करंडक आहे. लेन्स्टरचा १८८७ पासून, मन्स्टरचा १९०९ पासून. अल्स्टरचा या सगळ्यांत थोरला. प्रांत जिंकल्यानंतर पुढे देशपातळीची बाद फेरी नाही, म्हणूनच प्रांताच्या करंडकाला एवढं वजन. आणखी एक गोष्ट नव्या माणसाला गोंधळात टाकते. अल्स्टर प्रांतात ९ काउंट्या आहेत. त्यांतल्या ६ उत्तर आयर्लंडमध्ये, ३ आयर्लंड प्रजासत्ताकात. रग्बीत मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंचा मिळून एकच आयर्लंड संघ खेळतो.

शाळा ओळखायला शिका

अधिकृत नावं लांबलचक असतात आणि बोलताना कुणी ती घेत नाही. रॉयल बेलफास्ट अकॅडेमिकल इन्स्टिट्यूशन म्हणजे ‘इन्स्ट’. मेथडिस्ट कॉलेज म्हणजे ‘मेथडी’. बेलफास्ट रॉयल अकॅडमी म्हणजे ‘बीआरए’. करंडक सर्वाधिक वेळा नेणाऱ्या दोन शाळा म्हणजे मेथडी आणि इन्स्ट, दोन्ही बेलफास्टच्या मध्यभागी, एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर. त्यांच्या जोडीला पूर्व बेलफास्टचं कॅम्बेल कॉलेज. शहराबाहेर बॅलिमेना अकॅडमी, रॉयल स्कूल आर्मा, रॉयल स्कूल डंगॅनन, लिस्बर्नचं वॉलेस हायस्कूल, बँगर ग्रामर, न्यूटनार्ड्सचं रीजंट हाउस, हॉलीवुडचं सलिव्हन अपर. ही यादी पाठ करायची गरज नाही. आपली शाळा, तिची दोन पारंपरिक प्रतिस्पर्धी आणि बेलफास्टच्या तीन मोठ्या शाळा एवढं लक्षात ठेवलं तर पुरे.

जुन्या निकालांत कोलरेन इन्स्टिट्यूशन किंवा पोर्टोरा अशी नावं दिसतील. त्या शाळा २०१५ आणि २०१६ मध्ये शेजारच्या शाळांत विलीन होऊन आता कोलरेन ग्रामर आणि एनिस्किलन रॉयल ग्रामर झाल्या आहेत.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. रग्बी इथे परंपरेनं सरकारी आणि प्रॉटेस्टंट वळणाच्या ग्रामर शाळांचा खेळ. कॅथलिक शाळांत गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग. त्या शाळांचा मानाचा करंडक मॅक्रोरी कप आणि त्याचा अंतिम सामनाही परंपरेनं सेंट पॅट्रिक्स डेलाच. ही रेषा हळूहळू पुसट होतेय, पण शाळा निवडताना ती माहीत असलेली बरी. मुलाला रग्बी खेळायचंच असेल आणि शाळेत तो खेळ नसेल, तर मॅलोन, इन्स्टोनियन्स, बॅलिमेना, डंगॅनन, बँगर अशा क्लबांचे युवा संघ आहेत. फक्त क्लबातून स्कूल्स कप खेळता येत नाही, तो शाळेचाच.

हंगाम कसा चालतो

पहिली पायरी: सप्टेंबर ते डिसेंबर. शनिवारी सकाळी शाळा-शाळांत सामने. एका शाळेचे एकाच सकाळी पाच-सात संघ खेळतात, लहान वर्गांपासून फर्स्ट फिफ्टीनपर्यंत, म्हणजे शाळेच्या मुख्य संघापर्यंत. बरेच सामने करंडकासाठी नसतात म्हणून नवे पालक त्यांना किरकोळ समजतात. चूक इथेच होते. प्रशिक्षक या चार महिन्यांत दोन प्रश्न सोडवत असतो: स्क्रमच्या (दोन्ही संघांच्या आठ-आठ जणांची एकमेकांना रेटण्याची रचना) पुढच्या फळीत राखीव कोण, आणि दबावाखाली किक मारणारा कोण. ज्या शाळेला डिसेंबरअखेर याची उत्तरं सापडत नाहीत ती सहसा फेब्रुवारीत बाहेर पडते.

दुसरी पायरी: ड्रॉ, म्हणजे कोण कुणाशी खेळणार याची सोडत. ताकदवान शाळांना मानांकन असतं आणि त्या उशिराच्या फेरीत उतरतात. फेऱ्यांची नेमकी रचना अधूनमधून बदलते म्हणून गेल्या वर्षीच्या तक्त्यावर विसंबू नका. चालू हंगामाचं नियमपत्रक शाळेच्या क्रीडा विभागाकडून मागून घ्या. त्यात तीन गोष्टी पाहा: वयाच्या पात्रतेची तारीख, बरोबरी झाल्यास काय, आणि सामना कुणाच्या मैदानावर. मैदानाचा मुद्दा साधा वाटतो, पण जानेवारीत बेलफास्टहून डोंगराळ भागात दीड तास बसनं जाऊन खेळणं आणि घरच्या ओळखीच्या उतारावर खेळणं यांत मोठा फरक आहे.

तिसरी पायरी: जानेवारी-फेब्रुवारीतल्या बाद फेऱ्या. एक पराभव आणि करंडक संपला. लवकर हरलेल्या शाळांसाठी दुय्यम करंडक असतात, शील्ड, प्लेट, बोल अशा नावांचे. त्यांना कमी लेखू नका. ज्या शाळेत वरच्या दोन इयत्तांत मिळून जेमतेम तीस खेळाडू आहेत तिच्यासाठी बोलचा अंतिम सामना हाच वर्षाचा कळस असतो.

चौथी पायरी: उपांत्य फेरी मार्चच्या सुरुवातीला, मग १७ मार्चला अंतिम सामना. १७ तारीख रविवारी आली की सुट्टी सोमवारवर सरकते, त्या वर्षी दिवस तपासून घ्या. २०२० साली कोविडमुळे अंतिम सामना झालाच नाही, आणि इथल्या लोकांना ती रिकामी दुपार अजून आठवते.

मुलींची शालेय स्पर्धा वेगळी आहे आणि संघ वाढताहेत. मुलीच्या शाळेत संघ नसेल तर विचारा. पुरेशा पालकांनी विचारलं तर संघ उभा राहण्याची शक्यता वाढते.

सामना पाहायला शिकणं

मैदान जास्तीत जास्त १०० मीटर लांब आणि ७० मीटर रुंद, गोलखांब ५.६ मीटर अंतरावर, आडवा दांडा ३ मीटर उंचीवर. ट्राय ५ गुण, त्यानंतरची किक २, पेनल्टी किक (प्रतिस्पर्ध्याच्या नियमभंगाबद्दल मिळणारी) ३, खेळता खेळता मारलेला ड्रॉप गोल ३. म्हणून ७ गुणांचं अंतर म्हणजे ‘एक फटका दूर’. १६-१० असा फलक दिसला तर पिछाडीवरच्या संघाला फक्त ट्राय पुरणार नाही, त्यानंतरची किकही आत जायला हवी. हे एवढं समजलं की शेवटच्या दहा मिनिटांत लोक श्वास का रोखून धरतात ते कळतं.

शालेय सामना मोठ्यांच्या सामन्यापेक्षा वेगळा असतो. जागतिक संघटनेच्या १९ वर्षांखालील नियमांनुसार प्रत्येक अर्ध ३५ मिनिटांचा, एकूण ७० मिनिटं, आणि बरोबरी झाली तरी जादा वेळ खेळवायला मनाई आहे. वाढत्या वयाच्या शरीरांना थकव्यात दुखापत जास्त होते, म्हणून ही मर्यादा. याचाच परिणाम असा की अंतिम सामना बरोबरीत सुटून करंडक दोन शाळांत विभागून दिल्याची उदाहरणं या स्पर्धेच्या इतिहासात आहेत. दोन्ही कर्णधार एकाच करंडकाला हात लावून उभे असलेला फोटो पाहून नव्या माणसाला चूक झाली असं वाटतं. चूक नसते.

स्क्रमकडे नीट पाहा. आठ विरुद्ध आठ, त्यात सगळ्यांत पुढे तीन: दोन प्रॉप आणि मधला हुकर. या वयोगटात स्क्रम दीड मीटरपेक्षा जास्त रेटायचा नाही. पुढच्या फळीतल्या मुलांच्या मानेवर सगळ्या संघाचा भार येतो, म्हणून तिथे प्रशिक्षण झालेलाच खेळाडू उभा राहू शकतो. जागतिक नियमांप्रमाणे संघात १९ ते २२ जण असतील तर पुढच्या फळीचे किमान ५ हवेत, २३ असतील तर ६. दोन प्रॉप जायबंदी झाले आणि बदली माणूस नसला की पंच ‘न रेटायचा’ स्क्रम पुकारतो. मग तगड्या फॉरवर्डांवर, म्हणजे स्क्रममधल्या आठ जणांवर, उभारलेला सगळा डाव कोसळतो. शेजारचे पालक अचानक गप्प झाले तर बहुधा हेच घडलेलं असतं.

मार्चमधलं मैदान ओलं आणि चेंडू साबणासारखा. लांब पास सुटतात, म्हणून सामने किकवर आणि मोलवर ठरतात. मोल म्हणजे चेंडूधारकाला उभं ठेवून फॉरवर्डांनी एकत्र पुढे सरकवलेला घोळका. पेनल्टी मिळाली की कर्णधार तीन गुण घ्यायचे की चेंडू कोपऱ्यात बाहेर मारून लाइनआउट (बाजूच्या रेषेवरून दोन रांगांमध्ये चेंडू फेकून खेळ सुरू करणं) घ्यायचा हे ठरवतो. शालेय सामन्यात हा निर्णय सतरा-अठरा वर्षांचा मुलगा हजारो लोकांसमोर काही सेकंदांत घेतो. आम्हाला विचाराल तर संपूर्ण स्पर्धेत पाहण्यासारखी गोष्ट हीच.

मूल खेळणार असेल तर

उत्तर आयर्लंडमध्ये माध्यमिक शाळा इयर ८ ला सुरू होते, वय ११-१२, म्हणजे साधारण आपली सहावी-सातवी. त्यातल्या ग्रामर शाळांत प्रवेश बहुतेक ठिकाणी प्राथमिकच्या शेवटच्या वर्षी, शरदात होणाऱ्या परीक्षेवर. तिथून दरवर्षी एक पायरी. इयर ११ चा संघ म्हणजे ‘मेडॅलियन’, १५ वर्षांखालचा. त्याचा स्वतःचा करंडक आहे, मेडॅलियन शील्ड. जाणकार लोक मेडॅलियनचे निकाल बारकाईनं पाहतात, कारण आजचा मेडॅलियन संघ तीन वर्षांनी फर्स्ट फिफ्टीन असतो.

उशिरा सुरुवात केली म्हणून दार बंद होत नाही. १९७४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत अपराजित राहिलेल्या ब्रिटिश अँड आयरिश लायन्स या संयुक्त संघाचा कर्णधार विली जॉन मॅकब्राइड बॅलिमेना अकॅडमीचा. त्यानं रग्बी खेळायला सुरुवात केली ती सतराव्या वर्षी. त्याआधी तो शेतावर राबत होता. आयर्लंडकडून खेळलेल्यांपैकी जॅक काइल बीआरएचा, माइक गिब्सन कॅम्बेलचा, टॉमी बो आर्माचा, २०१८ च्या सिक्स नेशन्स या सहा देशांच्या स्पर्धेत एका हंगामात ७ ट्राय करून तेव्हाचा विक्रम करणारा जेकब स्टॉकडेल वॉलेसचा. हिवाळ्यातल्या चिखलात शनिवारी सकाळी हीच मैदानं यांनीही तुडवली.

सामान घेताना:

बूट घट्ट बसणारे घ्या, ‘वाढत्या पायाला’ म्हणून दोन अंक मोठे नकोत. टाच आत हलली की घोटा मुरगळतो. मऊ मैदानासाठी बदलता येणारे धातूचे स्टड चांगले, पण लांबी २१ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही आणि कडा खरखरीत झाली तर पंच बाहेर पाठवतो. सामन्याच्या आदल्या रात्री बोट फिरवून पाहा.

माउथगार्ड गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचा असतो. पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त बुडवला तर आकसतो आणि मग कधीच बसत नाही. तोंड उघडल्यावर खाली पडला तर परत बसवा. दातांना तारा असतील तर साधा चालणार नाही, दंतवैद्याकडून करून घ्या.

डोक्याची मऊ टोपी कान सोलण्यापासून वाचवते, मेंदूला बसणाऱ्या हादऱ्यापासून नाही. ती घातली म्हणून मूल सुरक्षित आहे असं समजू नका.

कबड्डी खेळलेल्या मुलांना टॅकल, म्हणजे चेंडूधारकाला पकडून पाडणं, पटकन जमतो, पण दोन सवयी नडतात. एक, पकड घट्ट धरून ठेवणं. रग्बीत प्रतिस्पर्धी जमिनीवर पडला की त्याला लगेच सोडून बाजूला लोळायचं, नाहीतर पेनल्टी. दोन, उचलणं. पाय वर उचलून माणूस उलटा केला की कार्ड. शिवाय आयर्लंडमध्ये २०२४-२५ पासून टॅकलची उंची खाली आणली आहे: छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापेक्षा वर टॅकल केला की शिट्टी. म्हणून घरी सराव करताना गुडघे वाकवून, डोकं प्रतिस्पर्ध्याच्या मागच्या बाजूला ठेवून, दोन्ही हातांनी मिठी मारायला शिकवा. डोकं चुकीच्या बाजूला गेलं की गुडघा थेट कपाळावर येतो. मुलांना होणाऱ्या बऱ्याच डोक्याच्या दुखापती टॅकल करणाऱ्यालाच होतात, ज्याला टॅकल केलं त्याला नाही.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. २०११ साली उत्तर आयर्लंडमधल्याच एका शालेय सामन्यात १४ वर्षांचा मुलगा डोक्याला मार बसूनही खेळत राहिला, पुन्हा मार बसला, आणि तो वाचला नाही. त्यानंतर इथे ‘ओळखा आणि बाहेर काढा’ हे सूत्र शाळांत पक्कं झालं. मुलगा अडखळला, डोळे विझल्यासारखे दिसले, स्कोअर किती झाला ते सांगता येईना, मळमळ झाली, नेहमीपेक्षा चिडचिडा वागला, तर तो सामना त्याच्यासाठी संपला. ‘मी बरा आहे’ हे त्याचं वाक्य विचारात घ्यायचं नाही, कारण निर्णय घेणारा अवयवच दुखावलेला असतो. त्यानंतर किमान तीन आठवडे सामना नाही, आणि परतणं टप्प्याटप्प्यानं: विश्रांती, हलकं चालणं-धावणं, संपर्काशिवाय सराव, मग वैद्यकीय होकार, मग संपर्क. उपांत्य सामना दहा दिवसांवर असला तरी हे अंतर कमी होत नाही. मुलानं घरी येऊन डोकेदुखी सांगितली आणि प्रशिक्षकाला सांगू नका म्हणाला, तर त्याच संध्याकाळी प्रशिक्षकाला कळवा.

१७ मार्च, रेव्हनहिल

अंतिम सामन्याचं हे मैदान १९२४ मध्ये सुरू झालं. प्रायोजकाप्रमाणे पाटीवरचं नाव बदलतं, बोलण्यात ते रेव्हनहिलच. प्रवेशाशी कमान आहे, महायुद्धात पडलेल्या रग्बीपटूंच्या स्मरणार्थ. आत जाताना क्षणभर थांबून पाहा.

सिटी हॉलपासून सुमारे तीन किलोमीटर. मैदान वस्तीच्या गल्ल्यांत आहे आणि गाडी लावायला जागा मिळत नाही, म्हणून चालत किंवा बसनं या. तिकीट शक्यतो शाळेमार्फत घ्या, म्हणजे आपल्या शाळेच्या बाजूला जागा मिळेल. चुकून दुसऱ्या बाजूला बसलात तर कुणी त्रास देणार नाही, पण आपल्या मुलांची घोषणा तुम्हाला उलट दिशेनं ऐकू येईल.

मार्चमधली दुपार म्हणजे ५ ते १० अंश, वारा आणि पाऊस अर्ध्या तासात येऊन जाणारा. छत्री नको, मागच्यांना दिसत नाही. टोपीवालं पावसाळी जॅकेट, आत लोकर, दोन जोड मोजे. शक्य असेल तर उभ्यांच्या टेरेसवर जागा घ्या. मुलांची गाणी तिथेच ऐकायची असतात.

दोन रिवाज पाळा. किक मारणारा चेंडू ठेवतो तेव्हा संपूर्ण मैदान शांत होतं, प्रतिस्पर्धी असला तरी. फोनवरचं बोलणंही तेवढा वेळ थांबवा. आणि पंचाला ओरडून काही सांगायचं नाही. शाळेच्या मैदानावर असं केलं तर तुम्हाला बाजूला घेऊन सांगतात, आणि ते मुलाला दिसतं.

पहिला सामना अंतिमच पाहायचा असा हट्ट धरू नका. जानेवारीतली एखादी साधी फेरी निवडा, दोन छोट्या शहरांतल्या शाळांची, दोरीपलीकडे दोनशे माणसं, थर्मासमधला चहा. बावीस मीटरच्या रेषेजवळ उभे राहा. तिथून स्क्रमचा श्वास ऐकू येतो आणि स्क्रममधून चेंडू बाहेर काढणारा नऊ नंबरचा मुलगा चेंडू उचलण्याआधी कुणाकडे पाहतो ते दिसतं. तसे दोन सामने पाहून झाले की मग १७ मार्चला या.